पाखरांचा झेला

आमच्या सुनेने, स्नेहलने, मोबाइलवरून पाखरांना दाणे घालायचं एक भांडं मागवलं. हिरव्या छपराचं, प्लास्टिकचं, खाली पाखराला बसायला गोल कड असलेलं. शहापूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत तिने ते हौसेने टांगलं. थंडी पडली की चिमण्या येतील, नातीला घास भरवताना दाखवता येतील, असा तिचा बेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भांडं रिकामं आणि कठड्यावर खार शेपटी नाचवत बसलेली, घर तिच्याच नावावर असल्यासारखी. स्नेहल वैतागून म्हणाली, "आई, तुम्ही गावच्या ना? खारीला लांब ठेवायचा काहीतरी उपाय असेलच तुमच्याकडे." अगं बाई, उपाय! उपाय ढीगभर आहेत. ते सगळे एकाच थंडीत आमच्या आईने करून पाहिले होते आणि त्यापायी घरादाराचा जीव टांगणीला लागला होता. पण हातात भातुकलीएवढी वाटी घेऊन उभ्या असलेल्या पोरीला हे कुठून सांगायला लागायचं? मी "बघते" म्हणाले आणि आत आले. तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. घरामागे परसू, परसात शेवगा, पपई, आळवाचं खाचर, आणि पलीकडे कापणी झालेल्या शेतात वाल पेरलेला. थंडीत आमच्या घराला वालाचा वास असायचा. रात्री भिजत घातलेले वाल सकाळी आई फडक्यात बांधून ठेवायची, मोड आले की आम्ही दोघी बहिणी ते सोलत बसायचो. सकाळी गरम पेज, तिच्यात मीठ आणि तोंडी लावायला भाजलेली सुकट. पेज फुंकत फुंकत आम्ही मागच्या दारात बसायचो, कारण ऊन आधी तिथे यायचं. आणि समोर परसात असायचा झेला. भाताची झोडणी व्हायच्या आधी चांगल्या टपोऱ्या लोंब्या बाजूला काढायच्या, त्यांची जुडी वेणीसारखी गुंफायची आणि पाखरांसाठी उंच टांगायची, त्याला आमच्याकडे झेला म्हणत. कोणी पडवीच्या वाशाला बांधी, आमची आई परसात मेसकाठी, म्हणजे उंच बांबू, रोवून तिला वर आडवी काठी बांधायची आणि त्या आडव्या काठीला झेला सोडायची. चिमण्या आधी काठीवर बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या, मग लोंबीला उलट्या लटकून दाणे फोडायच्या. खाली पडलेलं टिपायला होले यायचे. तो चिवचिवाट असा असायचा की आईला हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

झेल्याची एक दुसरीही बाजू होती आणि ती फक्त बायकांची होती. घरात काही अडलेलं असलं की बाई झेला बांधताना गावदेवीचं नाव घेऊन मनात मागणं मागायची. संक्रांतीच्या आत पाखरांनी झेला संपवला तर देवी हो म्हणाली. खारीने नासला तर नाही म्हणाली. यात लबाडी चालायची नाही, कारण उरलेला झेलाच सांगायचा कोणी खाल्लं ते. पाखरं दाणा काढून घेतात, लोंबी तशीच लांब राहते, विंचरल्यासारखी. खार लोंब्या मधेच कुरतडून तोडते, मागे बोटभर खुंट उरतात. गावातलं कोणतंही पोर एका नजरेत ओळखायचं.

त्या वर्षी आईने कशासाठी झेला बांधला हे विचारायची गरजच नव्हती. माझी मोठी बहीण मंदाताई दिवाळीला माहेरी आली होती आणि तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. तिला मुरबाडकडे दिली होती. सोयरीक आमच्या मोठ्या काकांनी जमवलेली, बाबांचे थोरले भाऊ, घर शेजारीच, आणि आमच्या घरात पान हलायचं ते त्यांच्या शब्दावर. दिवाळी सरली, झोडणी सरली, पेंढ्याची उडवी रचून झाली, तरी मुरबाडहून ना माणूस ना निरोप. विहिरीवर बायका लाडेलाडे विचारायच्या, "मंदे, हैस का गो अजून? र्‍हा बाय र्‍हा, माहेर हाय तुजं." आणि आम्ही पाठ फिरवली की कुजबुज. आईच्या काळजाचं पाणी व्हायचं. रोज संध्याकाळी ती ताईला विचारायची, "कवा येतो म्हनला होता गो जावई? काय बोलला निघताना?" ताई म्हणायची, "काय नाय बोलला." बस्स. एवढंच. ताई आधी किती बडबडी होती म्हणून सांगू! नकला करायची, बाबांच्या घोरण्याची सुद्धा. त्या दिवाळीला आली ती तोंडाला कुलूप लावूनच. आणि बाबांचा जुना लांब बाह्यांचा स्वेटर अंगात घालून बसायची, दुपारच्या उन्हात सुद्धा. थंडी वाजते म्हणायची.

पहिल्या आठवड्यात चिमण्या छान आल्या. आई खूश. मग शेवग्यावरच्या खारीला पत्ता लागला. मेसकाठीवरून सरसर चढून ती झेल्यावर उतरायची आणि लोंबीच्या लोंबी तोडून न्यायची. आईने काठीला तेल चोपडलं. खार पहिल्या दिवशी घसरली, दुसऱ्या दिवशी चढली. आईने बाभळीचे काटे बांधले. खार त्यातून अशी वळणं घेत वर गेली की बघत राहावं. मग आईला आठवलं, नारळाला उंदीर चढू नये म्हणून बागायतदार पत्रा लावतात. तिने बाबांकडून रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून घेतला, मधे भोक पाडून काठीला उलट्या छत्रीसारखा बसवला. खारीने खालून येणं सोडलं आणि शेवग्याच्या फांदीवरून उडी मारायला लागली. आई बाबांना म्हणाली, "ती फांदी तोडा." बाबा म्हणाले, "शेंगेची फांदी हाय ती, येड लागलंय का तुला?" "तोडता का मी चढू?" बाबांनी मुकाट्याने कोयता घेतला. आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. आई दिवसभर मागच्या दारात बसून असायची, निवडणं, सोलणं, चिरणं, सगळं तिथेच, डोळ्यांत तेल घालून. हातात एक खडा तयार. खारीने "चिर्रिक" केलं की आई ताडकन उठायची आणि चुलीवरचं करपायचं.

आणि तरीही झेला खालून तुटतच होता. पत्रा जागेवर, फांदी तोडलेली, मग खार जाते कुठून? आई म्हणायची, "कायतरी वंगाळ हाय घरात. देवी रागावली हाय." ती रडायला लागायची. मी तेव्हा सातवीत होते. एक दिवस शाळा लवकर सुटली. आई वालाच्या शेतात गेली होती. मी मागच्या बाजूने आले तर परसात ताई. शेंगा काढायची लांब आकडी तिने घराच्या कौलांवरून त्या आडव्या काठीवर तिरकी टेकवली होती आणि स्वतः भिंतीला टेकून शांत बसली होती. वरून खार ऐटीत चालत गेली, झेल्यावर उतरली आणि कुरतडायला लागली. ताई बघत होती. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी असा निवांत पाहिला नव्हता.

"ताई! काय करतेस गो?"

ती दचकली. मग म्हणाली, "तिला बी भूक लागते."

"आगं पन देवीचा कौल हाय तो! आई मारंल ना तुला! तुला न्यायला नाय येनार मग भावजी!"

"म्हनून तर," ताई म्हणाली.

मला समजायला वेळ लागला नाही. मी काही इतकी लहान नव्हते. तिला जायचंच नव्हतं, आणि हे या घरात सांगायची सोय नव्हती, म्हणून ती खारीकडून सांगत होती. मला एकदम भीती वाटली. देवीची वाटली, काकांची त्याहून जास्त वाटली. तिने माझा हात धरला, बर्फासारखा गार होता तिचा, आणि म्हणाली, "आईला सांगू नको. सांगितलंस तर मी हिरीत जीव देईन." मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून ताई विहिरीवर निघाली की मीही कळशी घेऊन मागे. आई म्हणायची, कामाची पोर झाली बाय माजी!

संक्रांत जवळ आली. अर्धा झेला शिल्लक होता आणि तोही खालून कुरतडलेला. इकडे मोठ्या काकांनी परस्पर मुरबाडला निरोप धाडला होता. तिकडून उत्तर आलं की सणाला येतो आणि घेऊन जातो. काका ओटीवर बसून मिशीवर हात फिरवत म्हणाले, "झालं ना काम? उगा बायकी रडारड!" आईला त्याने धीर नाही आला, उलट ती जास्तच पेटली. माणसं येणार, पण देवी नाही म्हणतेय, मग पोरीचं तिकडे बरं कसं होईल, असा तिचा हिशेब. उरलेला झेला तरी पाखरांनीच खायला हवा. आणि तिने तो शेवटचा उपाय केला. आमच्याकडे फणसाचा चीक काठीला गुंडाळून वर्षभर ठेवतात, बादलीचं, कळशीचं भोक बुजवायला. आईने ती काठी विस्तवावर धरली, चीक मऊ केला आणि मेसकाठीला, वरच्या आडव्या काठीला, झेल्याच्या दोरीला सगळीकडे चोपडला. खारीचे पाय चिकटले म्हणजे पुन्हा येणार नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त खार होती. ज्या आडव्या काठीवर चिमण्या आधी येऊन बसतात तिलाच आपण चीक लावतोय, हे रोज बघणाऱ्या बाईच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी पेज वाढताना आवाज आला. चिवचिव नव्हती ती. ओरडणारी पाखरं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण तसा आवाज पुन्हा नाही ऐकला. काठीला चिमणी चिकटली होती, पाय आणि एक पंख, आणि सुटायला फडफडेल तसतसा दुसरा पंख चिकटत होता. बाकीच्या चिमण्या वर घिरट्या घालत होत्या. आई मागच्या दारात आली आणि मटकन खाली बसली. "आगं आई गं, मी देवीचं पाखरू मारलं!" ताईने पेजेचा वाडगा तसाच टाकला. शिडी लावली, वर चढली, पाखरू हलक्या हाताने सोडवून खाली आणलं. "तेल आन," मला म्हणाली. मी खोबरेल आणलं. ताई उन्हात बसली, चिमणी डाव्या मुठीत धरली, आणि उजव्या हाताचं बोट तेलात बुडवून एकेक पीस सोडवायला लागली. स्वेटरची बाही तेलात यायला लागली तशी तिने दातांनी धरून ती कोपराच्या वर ओढली. मग दुसरी. तिचं सगळं लक्ष पाखरात होतं.

आई समोरच बसली होती. तिने ताईचे हात बघितले.

डाग होते. उलथण्याचे, तापवलेल्या. त्याची कड जशी असते तसे, आडवे, काही काळे पडलेले, काही अजून गुलाबी. आई बसल्या बसल्या पुढे सरकली. मग तिने एका डागावर बोट ठेवलं. "ह्यो कवाचा?"

ताईने हात मागे घेतला नाही. पाखरू सोडता येत नव्हतं ना. "लावनीतला," ती म्हणाली.

"आनि ह्यो?"

"गनपतीतला."

"आनि..."

"आई, नको इचारू."

"मला सांगितलं का नाय गो? माज्या बाये, मला का नाय सांगितलंस?" आईचा आवाज फाटला होता.

ताईने पहिल्यांदा वर बघितलं. "तू रोज इचारलंस तो कवा येनार म्हनून. मला जायचं का, ते इचारलंस का कधी? ते तू देवीला इचारलंस."

आईने पदराने तोंड दाबून धरलं. चिमणी सुटली, पण तेलाने जड झाली होती, उडता येईना तिला. आम्ही तिला टोपलीखाली कण्या घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तर मरून पडली होती. आईने तिला शेवग्याखाली पुरलं. मग राख आणि रॉकेल घेऊन तिने मेसकाठीवरचा चीक घासून घासून काढला. पत्रा काढला. काटे काढले. आणि शिडी उचलून आणली आणि सरळ झेल्याला टेकवून ठेवली. बाबा मागच्या दारात दात घासत उभे होते. त्यांनी शिडी बघितली, आईकडे बघितलं, चूळ भरली आणि आत गेले. खार त्याच दिवशी आली. आई वाल सोलत बसली होती. हातात खडा नव्हता. खारीने लोंब्या तोडल्या, नेल्या, परत आली, परत नेल्या, आणि आई सोलत राहिली.

आता मैत्रिणींच्यात हे निघालं की म्हणतात, पोलिसात जायचं होतं, केस करायची होती. बोलायला काय जातंय! आमच्या त्या घरात "पोर पाठवत नाही" एवढं वाक्य म्हणायची आईची टाप नव्हती. काकांचा शब्द, बाबांची मान, गावात नाव, धाकटीचं म्हणजे माझं लग्न, हे सगळं त्या एका वाक्याच्या आड उभं होतं. तिच्याजवळ जे होतं तेच तिने वापरलं.

संक्रांतीला ते आले, भावजी आणि त्यांचे वडील, मोटारसायकलवरून. ओटीवर मोठे काका, बाबा, चहा, तिळगूळ. भावजी हसून बोलत होते, माणूस असा गोड की कोणाला खरं वाटणार नाही. काकांनी आत हाक मारली, "मंदीला तयार करा गो, उन्हाचं निघतील." मी आणि ताई माजघरात भिंतीला चिकटून उभ्या. आई परसात गेली आणि झेला घेऊन बाहेर ओटीवर आली. डोक्यावर पदर, पण मान वर. तिने तो काकांच्या पुढ्यात ठेवला. बोटभर खुंटांचा गुच्छ, दुसरं काही नाही.

"बघा दादा, तुमीच बघा. संक्रांतीचा कौल लावला होता गावदेवीला. खारीनं खाल्लाय. देवी नाय म्हनली. पोर जायची नाय."

व्याही हसले. "असल्या गोष्टींवर संसार चालतात होय?" पण काका हसले नाहीत. गावदेवीचा नारळ दर साली तेच वाढवायचे. त्यांनी झेला उचलला, फिरवून बघितला. खुंट खारीचेच होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ते बाबांना म्हणाले, "काय रे, काय म्हनतोस तू?" आमचे बाबा आयुष्यात मोठ्या भावापुढे बोलले नव्हते. शिडी त्यांनी बघितलेली होती. ते खाली बघत म्हणाले, "देवीच्या फुडं मी कोन, दादा?" भावजींचं हसू गेलं. ते उठून माजघराच्या दारापर्यंत आले. "मंदा, चल. हा काय खेळ लावलाय?" ताईने दोन्ही बाह्या वर ओढल्या आणि हात पुढे धरले. ओटीवरून सगळ्यांना दिसले. चहाचे कप तसेच राहिले.

त्यानंतर सगळं बरं झालं असं नाही. काकांनी आमच्या ओटीवर पाय ठेवणं सोडलं. त्या संक्रांतीला ताईला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही, पुढच्याही नाही. माझी स्थळं मोडली, मग दूरचं जमलं. ताई अंगणवाडीत मदतनीस झाली, आईबाबांना शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं, आणि त्या घरात आज एकटी राहते. रात्री कधीकधी किंचाळून उठायची, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. आई मात्र त्याच संध्याकाळी नारळ घेऊन देवळात गेली होती. मी बरोबर होते. ती देवीपुढे डोकं टेकून म्हणाली, "खोटं माज्या माथी. लेक माजी राहू दे." आणि दुसऱ्या वर्षापासून आमच्या परसात दोन झेले लागायला लागले. एक उंच, पत्रा लावून, पाखरांचा. दुसरा खाली, कुंपणाच्या खुंट्याला, कशाचाही अडसर नसलेला. बायका विचारायच्या, ह्यो खालचा गो कशाला? आई म्हणायची, "नवस हाय." कोणाचा, ते तिने कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर ताई तशीच दोन लावते.

काल स्नेहलने पुन्हा विषय काढला. भांड्याला तारेची जाळी लावू का, तिखट टाकू का, इंटरनेटवर काय काय लिहिलंय. मी म्हटलं, थांब, माझ्या बहिणीला विचारू, ती यातली जाणकार. फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे चिमण्यांचा गलका ऐकू येत होता. स्नेहलने सगळं नीट समजावून सांगितलं, भांडं कसं आहे, खार कुठून येते, किती वेळा हाकलली.

ताईने ऐकून घेतलं.

"दोन लाव गो," ती म्हणाली.